हळद भरायच्या मशीनमध्ये अर्डुइनो नॅनो टाकलाय, आता गिऱ्हाईक म्हणतंय पीएलसीच पाहिजे. काय करू?

ऑगरवाला_कुपवाड

नमस्कार मंडळी. पोस्ट मोठी होणार आहे, आधीच माफी मागतो.

सांगलीजवळ कुपवाड एमआयडीसीत माझं वर्कशॉप आहे. मी, एक वेल्डर आणि हाताखाली एक पोरगा, झाली माणसं. आम्ही हळद, चटणी, मसाला पाऊचमध्ये भरायची ऑगर मशीन बनवतो. वर हॉपर, खाली स्क्रू, त्याखाली लोडसेलवर, म्हणजे वजन मोजणाऱ्या सेन्सरवर, बसवलेला पिशवीचा क्लॅम्प. बाई पिशवी अडकवते, पायाने पेडल दाबते, वजन भरेपर्यंत स्क्रू फिरतो आणि थांबतो. बाजूला सीलिंगचा हीटर. मिनिटाला बारा पाऊच आरामात निघतात. माझा डिप्लोमा मेकॅनिकलचा. वय ३१. इलेक्ट्रॉनिक्स मी व्हिडिओ बघून शिकलो, हे लपवण्यात अर्थ नाही, कारण पॅनेल उघडलं की कळतंच.

पॅनेलमध्ये काय आहे ते सांगतो. झीरो पीसीबीवर फीमेल हेडर सोल्डर केलेत, त्यात क्लोन नॅनो खोचलाय, म्हणजे अर्डुइनोच्या छोट्या कंट्रोलर बोर्डाची नक्कल. वजनाला एचएक्स७११ चं हिरवं मॉड्यूल. दारावर १६ बाय २ चा डिस्प्ले, मागे आयटूसीची पट्टी (नॅनोशी दोनच सिग्नल वायरांवर बोलणारी). निळा चार रिलेंचा बोर्ड. २४ व्होल्टचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय), त्यावरून एलएम२५९६ च्या मॉड्यूलने ५ व्होल्ट. स्क्रूच्या मोटरला ड्राइव्ह आहे, रिले फक्त त्याला चालू-बंद सांगतो. हीटर मोठा असेल तिथे त्याला २३० व्होल्ट कॉइलचा कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठा रिले. सगळा माल पुण्याला बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांतून आणलेला. मशीनला इलेक्ट्रॉनिक्सचा खर्च तीन हजारांच्या आत.

दोन वर्षांत अशा ११ मशीन विकल्या. जयसिंगपूर, इस्लामपूर, तासगाव, मिरज, आणि एक लातूरला. आठ मशीनबद्दल एक फोन नाही. उरलेल्या तीनचं रामायण असं.

पहिलं, डिस्प्लेवर मधूनच चिनी लिपी उमटते. हीटरचा कॉन्टॅक्टर ठक्क वाजला की कधीतरी अक्षरं विस्कटतात. बंद करून चालू केलं की ठीक. गिऱ्हाइकांना मी "ते होतं कधीकधी" असं सांगून वेळ मारून नेली. ती माझी चूक.

दुसरं जास्त गंभीर आहे. इस्लामपूरला सकाळी सहाच्या सुमाराला मशीन अडकली, आणि अडकली ती मोटर चालू असताना. पेडल सोडलं तरी स्क्रू फिरतोय. बाई घाबरून मालकाला बोलवायला गेली. मालक येऊन मेन स्विच पाडेपर्यंत सहा किलो हळद जमिनीवर. मी पोचलो तेव्हा त्या खोलीत सगळंच पिवळं होतं, मालक धरून. मी वॉचडॉग (प्रोग्रॅम अडकला की चिप आपोआप रीसेट करणारा टायमर) लावून बघितला होता, पण तो लावला की एकदा रीसेट झाल्यावर नॅनो सुरूच होत नाही, एलईडी नुसता फडफडत राहतो. म्हणून काढून टाकला.

तिसरं जयसिंगपूरचं. आज किती पाऊच भरले त्याचा आकडा मी दर पाऊचला ईईप्रॉममध्ये लिहितो, वीज गेली तरी राहावा म्हणून. नऊ महिन्यांनी तो आकडा वेडा झाला. काल ४,८०० होता, आज एकही पाऊच न भरता उघडला तर ५,०६३.

आता मुद्दा. एका मसाला कंपनीकडून ४० मशीनची चौकशी आलीय. माझ्यासाठी हे दोन वर्षांचं काम आहे. त्यांचे मेंटेनन्सचे इंजिनिअर वर्कशॉपला आले, पॅनेल उघडलं, नॅनो बघितला आणि म्हणाले, "हे तर माझ्या मुलीच्या सायन्स प्रोजेक्टमध्ये होतं." माणूस वाईट नव्हता, पण पोरगा आणि वेल्डर दोघंही ऐकत होते. नंतर मेल आला की कंट्रोल पीएलसीवर, म्हणजे कारखान्यांसाठीच बनवलेल्या तयार कंट्रोलरवर, हवा, नाहीतर विश्वासार्हता सिद्ध करून दाखवा.

पीएलसी, वजनाचा वेगळा कंट्रोलर आणि छोटी एचएमआय (ऑपरेटरची स्क्रीन) मिळून मला जे कोटेशन आलंय त्यात मशीनमागे साधारण १६ हजार वाढतात. मशीन मी एक लाख पस्तीसला देतो. मग विचारतो: नॅनोवालं सर्किट नीट करून टिकवता येईल का? का हे मुळातच औद्योगिक जागी चालत नाही आणि मी ११ जणांना खेळणी विकलीत? झोप लागत नाही म्हणून लिहितोय.

---

शिडी_लॉजिक

स्पष्ट सांगतो, राग मानू नका. नॅनो काढा, पीएलसी लावा. १६ हजार किमतीत घाला. कंपनी देईल, कारण मागणी त्यांचीच आहे.

माझं कारण तांत्रिक नाहीच. लातूरला रात्री नऊ वाजता मशीन बंद पडली तर तिथला इलेक्ट्रिशियन काय बघणार? पीएलसीवर प्रत्येक इनपुटला दिवा असतो. पेडल दाबलं, दिवा लागला नाही, म्हणजे पेडलची वायर तुटली. एवढं निदान कुठलाही वायरमन फोनवर करतो. तुमच्या झीरो पीसीबीकडे बघून तो काय करेल? हात जोडेल आणि तुम्हाला फोन लावेल. कुपवाड ते लातूर एसटीने किती तास, हे तुम्हालाच माहीत.

---

पॅनेलकाका_भोसरी

ऑगरवाले, माझ्या मुलाच्या वयाचा आहेस म्हणून अरे-तुरे करतो. २७ वर्षं पॅनेल बांधतोय. पीएलसीची बांधली, रिले लॉजिकची बांधली, आणि तुझ्यासारख्यांची उघडून दुरुस्तही केली.

शिडीभाऊंचं म्हणणं खरं आहे, त्यावर शेवटी येतो. पण आधी तुझ्या झोपेचं बघू. नॅनोवरची चिप, एटीमेगा३२८पी, हे खेळणं नाही. उणे ४० ते ८५ अंशांपर्यंत चालणारी औद्योगिक दर्जाची चिप आहे, तिची वाहनांसाठीची आवृत्तीही निघते. तू पॅनेलमध्ये चिप टाकलेली नाहीस. टेबलावर बसून शिकायला बनवलेला बोर्ड टाकलायस. शिकणाऱ्याला जे लागत नाही ते त्या बोर्डावर नसतं, आणि कारखान्याला नेमकं तेच लागतं. त्याची भरपाई तू करायला हवी होतीस.

आता तुझी तीन रामायणं उलट्या क्रमाने घेतो.

जयसिंगपूरचा आकडा. डेटाशीट ईईप्रॉमच्या एका जागेवर एक लाख वेळा लिहिण्याची हमी देते. मिनिटाला १२ पाऊच, आठ तास, म्हणजे दिवसाला ५,७६०. एक लाख अठरा दिवसांत संपले. नऊ महिन्यांत तू एकाच बाइटवर तेरा लाखांच्या आसपास वेळा लिहिलंस. चिपने त्यातलं बरंचसं सहन केलं हा तिचा मोठेपणा. उपाय सोपा आहे: १०२४ बाइट आहेत, चार-चार बाइटचे २५६ कप्पे कर, प्रत्येक पाऊचला पुढच्या कप्प्यात लिही, चालू करताना सगळ्यात मोठा आकडा शोध. अठरा दिवसांची बारा वर्षं होतात. किंवा एफरॅमची, म्हणजे लिहून न झिजणाऱ्या मेमरीची, चिप लाव आणि विसरून जा. आणि हो, तुझ्या नॅनोवरची चिप भिंग घेऊन वाच. चिपांच्या टंचाईच्या काळात क्लोनमध्ये एलजीटी८एफ३२८पी नावाची चिप बसवून भरपूर बोर्ड आले. चालते बरीचशी तशीच, पण तिच्यात खरा ईईप्रॉम नाही, फ्लॅशमध्येच तसा आव आणलेला असतो.

इस्लामपूर. प्रोग्रॅम अडकला असेल तर माझा पहिला संशय आयटूसीवर. त्यासाठीची 'वायर' नावाची कोड लायब्ररी उत्तराची वाट बघत बसते, आणि वायरवर खोटा पल्स आला तर जन्मभर बसते. नंतर तिच्यात टाइमआउटची सोय आली, पण ती आपण चालू करावी लागते. तुझं लूप तिथे डिस्प्लेसाठी ताटकळलं आणि मोटरची पिन होती तशी चालू राहिली. दोष कोडचा आहेच. पण मोठा दोष असा की मोटर थांबवायचा एकमेव रस्ता कोडमधून जात होता. ड्राइव्हच्या रन सिग्नलमध्ये डीन रेलवरचा (पॅनेलमधल्या पट्टीवरचा) साधा ऑन-डिले टायमर टाक, त्याचा एनसी, म्हणजे एरवी जोडलेला, कॉन्टॅक्ट मालिकेत. पाऊच भरायला चार सेकंद लागत असतील तर टायमर आठवर ठेव. कोड मेला, चिप मेली, रिले चिकटला, काहीही झालं तरी आठव्या सेकंदाला स्क्रू थांबतो. आणि इमर्जन्सी स्टॉप? तू पोस्टमध्ये एका शब्दानेही लिहिलेलं नाहीस. मालकाला मेन स्विच पाडावा लागला यावरून मला उत्तर कळलं. लाल बटण ड्राइव्हचा आणि हीटरचा पुरवठा वायरनेच तोडतं, ते कुठल्याही कंट्रोलरला विचारत नाही. पीएलसी लावलास तरी हेच. हीटरलाही वेगळा थर्मल कटआउट. उद्या कॉन्टॅक्टरच्या जागी एसएसआर (इलेक्ट्रॉनिक रिले) लावशील, आणि एसएसआर मरताना बहुधा चालू अवस्थेत मरतो.

चिनी लिपी. त्या डिस्प्लेला चार-चार बिटांच्या जोड्यांत अक्षरं जातात. एक पल्स जास्तीचा आला की जोड्या चुकतात आणि पुढचं सगळं एक घर सरकलेलं. म्हणजे तुझा डिस्प्ले तुला दोन वर्षं सांगत होता की वायरवर गोंगाट आहे, आणि तू त्याला गप्प करत होतास.

गोंगाट कुठून येतो ते कॉन्टॅक्टरला विचार. २३० ची कॉइल सुटताना तिच्यात साठलेली ऊर्जा ठिणगी होऊन बाहेर पडते आणि पॅनेलमधल्या प्रत्येक लांब वायरवर उमटते. १०० ओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स२ कॅपॅसिटर एकमेकांच्या मालिकेत जोडून ती जोडी कॉइलला समांतर लाव, तयार स्नबर मिळतो. २४ व्होल्टची डीसी कॉइल असेल तर १एन४००७ डायोड उलटा. तुझ्या पेडलची वायर थेट नॅनोच्या पिनला आहे का? आतल्या पुलअपवर? तो २० ते ५० किलोओहमचा असतो, दोन मीटर वायरला तो म्हणजे अँटेना. पेडल २४ व्होल्टवर चालव, पीसी८१७ ऑप्टोमधून (सिग्नल प्रकाशाने पलीकडे नेणाऱ्या चिपमधून) आण, २.२ किलोओहमचा रेझिस्टर, म्हणजे पेडल दाबलं की वायरमधून दहा मिलिअँपिअर वाहतात, बारीकसारीक गोंगाटाला इनपुट दाद देत नाही. लोडसेलच्या केबलची शील्ड एकाच बाजूला अर्थ कर. एकाच, हं. २३० च्या वायरा एका डक्टमध्ये, सिग्नलच्या दुसऱ्या. मशीनवर हळदीची धूळ उडते, जुलैत ती ओल धरते, त्यामुळे जंपर वायरा आणि फीमेल हेडर दोन्ही बाद. स्क्रू टर्मिनल, आणि बोर्डावर कोटिंगचा स्प्रे.

घरच्या घरी परीक्षा घ्यायची जुनी युक्ती देतो. एक भंगार कॉन्टॅक्टर घे, त्याच्या कॉइलच्या मालिकेत त्याचाच एनसी कॉन्टॅक्ट टाक. वीज दिली की तो ओढतो, स्वतःचीच वीज तोडतो, सुटतो, परत ओढतो, आणि बोकडासारखा ओरडत राहतो. तो पॅनेलच्याच लाइनवर लाव, त्याच्या वायरा पॅनेलच्या वायरांशेजारून ने, आणि घड्याळ लाव. २३० चं काम आहे, एकट्याने करू नकोस, कॉन्टॅक्टर डब्यात बंद ठेव. ही काही आयईसी ६१०००-४-४ ची चाचणी नव्हे, तिथे पॉवर लाइनवर २ किलोव्होल्टचे झटके मोजून मारतात. पण बोकडापुढे न टिकणारं सर्किट तिथे नक्कीच टिकत नाही.

आता शिडीभाऊंचा मुद्दा. ४० मशीनवर नव्या बोर्डचा प्रयोग करू नकोस. त्या पीएलसीवर दे आणि पैसे घे. नवा बोर्ड आधी जुन्या अकरांमध्ये फुकट बदलून दे. तिथे तो दोन पावसाळे काढू दे.

---

खटपट्या

काकांनी हार्डवेअरचं काही शिल्लकच ठेवलं नाही. मी फर्मवेअर लिहितो, दोन-तीन गोष्टी जोडतो.

वॉचडॉगचं कोडं: जुन्या नॅनोवरचा बूटलोडर (तुमच्या कोडआधी चालणारा, यूएसबीतून नवा कोड घेणारा छोटा प्रोग्रॅम) वॉचडॉग बंद करत नाही. रीसेटनंतर वॉचडॉग चालूच असतो, तोही सगळ्यात कमी म्हणजे १५ मिलिसेकंदांवर. बूटलोडर पीसी अपलोड करतोय का याची वाट बघत बसतो, तेवढ्यात पुन्हा रीसेट. तुमचा कोड सुरूच होत नाही, एलईडी फडफडतो. ऑप्टिबूट हा नवा बूटलोडर टाका, किंवा त्याहून चांगलं, मशीन विकताना बूटलोडरच काढून टाका आणि आयएसपी प्रोग्रॅमरने कोड घाला. शेजारचा कारखानदार कोड कॉपी करेल अशी भीती असेल तर त्याचाही हाच उपाय, कारण बूटलोडर शाबूत असेल तर त्याच यूएसबीतून फ्लॅश वाचताही येते. बूटलोडर काढून लॉक बिट लावलेत की नवा कोड घालण्याआधी जुना पुसावाच लागतो.

ब्राउन-आउटही बघा, म्हणजे व्होल्टेज कितीवर घसरलं की चिप रीसेटमध्ये थांबते ती मर्यादा. अशा बोर्डांवर तो सहसा २.७ व्होल्टला ठेवलेला असतो. पण १६ मेगाहर्ट्झवर ही चिप नीट चालायला डेटाशीटप्रमाणे ३.७८ व्होल्ट तरी लागतात. मधल्या पट्ट्यात चिप बंदही होत नाही आणि शुद्धीतही नसते, आणि अशा अवस्थेत ईईप्रॉममध्ये काहीही लिहून बसते. जयसिंगपूरच्या भानगडीत हाही हात असू शकतो. चिपमधली 'फ्यूज' नावाची सेटिंग बदलून ४.३ व्होल्टला न्या. एक मिनिटाचं काम आहे.

१३ नंबरच्या पिनला रिले जोडलाय का? बूटलोडर चालू होताना तिथला एलईडी मिचकावतो. म्हणजे रिलेही मिचकावेल.

परवान्याबद्दल कुणीतरी विचारणारच म्हणून आधीच सांगतो. अर्डुइनोचा बोर्ड उत्पादनात वापरला म्हणून तुमचं डिझाइन उघड करावं लागत नाही. त्यांच्या सर्किटवरून स्वतःचा बोर्ड बनवून विकलात तर त्या बोर्डाची फाइल त्याच परवान्याखाली द्यावी लागते. मात्र डेटाशीट बघून ३२८पी, क्रिस्टल आणि चार कॅपॅसिटर मांडले तर ते तुमचं. अर्डुइनोची कोअर लायब्ररी एलजीपीएल परवान्याखाली आहे. तुमचा कोड गुप्त राहू शकतो, पण गिऱ्हाइकाने मागितल्या तर ऑब्जेक्ट फाइली (कंपाइल केलेले तुकडे) द्यायची तयारी हवी, म्हणजे त्याला लायब्ररी बदलून पुन्हा जोडता येते. आणि मशीनच्या प्लेटवर अर्डुइनो हे नाव छापू नका, तो ट्रेडमार्क आहे.

मधला रस्ता म्हणून अर्डुइनोचा ऑप्टा बघता येईल. डीन रेलवर बसतो, चार रिले आत, लॅडरमध्येही, म्हणजे पीएलसीवाल्यांच्या भाषेत, प्रोग्रॅम होतो. २०२२ मध्ये फाइंडर या रिलेवाल्या कंपनीबरोबर काढलाय. मात्र तुमच्या इंजिनिअर साहेबांनी नाव वाचलं की परत मुलीचा प्रोजेक्ट आठवेल.

---

काटामारू_नाही

मी वजनकाट्यांच्या दुरुस्तीत आहे. वरच्या सगळ्यांनी एक गोष्ट सोडली.

तुमची मशीन वजन करून माल भरते आणि तो माल विकला जातो. म्हणजे वैधमापन अधिनियम, २००९ लागू. व्यापारात वापरायच्या वजनयंत्राला मॉडेल मंजुरी लागते आणि ठरावीक मुदतीने पडताळणी व मुद्रांकन लागतं. एचएक्स७११ चं मॉड्यूल चोवीस बिटांचं असलं तरी त्याला कुठली मंजुरी आणि कुठलं सील? तुमच्या अकरा गिऱ्हाइकांकडे निरीक्षक आला तर तो आधी त्यांना विचारेल आणि ते तुमच्याकडे बोट दाखवतील. कंपनीला द्यायच्या मशीनमध्ये मंजुरी असलेला वजन कंट्रोलरच टाका. तो पीएलसीला मॉडबसवर (कंट्रोलरांच्या आपसातल्या भाषेत) वजन देतो, कटऑफचा रिले त्याच्यातच असतो. तुमच्या मशीनवर नेमकं काय लागू होतं ते जिल्ह्याच्या वैधमापन कार्यालयात एकदा समक्ष जाऊन विचारा. एजंट धरू नका.

---

ऑगरवाला_कुपवाड

सगळ्यांचे आभार. उत्तर द्यायला पाच आठवडे लागले, कारण बोकड पाळला होता.

काका, भंगारातला कॉन्टॅक्टर मिळाला, प्लॅस्टिकच्या डब्यात घातला, वेल्डरला शेजारी उभं केलं आणि चालू केला. आवाज ऐकून पलीकडच्या शेडमधले लोक आले. जुनं पॅनेल ३८ सेकंदांत अडकलं. परत केलं, ५२ सेकंद. तिसऱ्यांदा २० सेकंदांत, आणि त्या वेळी मोटर चालू राहिली. दोन वर्षं जे मला कधी दिसलं नव्हतं ते दोन मिनिटांत तीनदा बघायला मिळालं. लाजही वाटली आणि बरंही वाटलं.

मग एकेक गोष्ट बदलत गेलो, प्रत्येक वेळी बोकड लावून. पहिल्यांदा आयटूसीचीच वायर बघितली. ती बोर्डापासून दारावरच्या डिस्प्लेपर्यंत साठ सेंटिमीटर, आणि नीटनेटकं दिसावं म्हणून मीच ती हीटरच्या वायरेला केबल टायने बांधली होती. अकराच्या अकरा मशीनमध्ये. ती फक्त सोडवून दुसऱ्या बाजूने नेली तर ३८ सेकंदांची ११ मिनिटं झाली. एक रुपया खर्च नाही. आठ मशीनबद्दल फोन का आला नाही तेही त्यातून कळलं, त्या आठांचे हीटर लहान आहेत आणि थेट रिलेवर चालतात, मोठा कॉन्टॅक्टर फक्त त्या तिघांत आहे.

मग ऑप्टो, वॉचडॉग, ब्राउन-आउट ४.३ वर, आयटूसीला टाइमआउट, आणि दर दोन सेकंदांनी डिस्प्ले नव्याने चालू करणं. पाचशे मिलीच्या बाटलीएवढा स्वतःचा बोर्ड बनवून घेतला, त्यावर ३२८पी थेट सोल्डर केलेली, सगळीकडे स्क्रू टर्मिनल, आणि शिडीदादा, प्रत्येक इनपुटला दिवा. तो तुमच्या पोस्टवरून. दिव्याखाली मराठीत छापलंय: पेडल, दार, हॉपर रिकामा. तीन तास बोकड ओरडला. एकदाही अडकलं नाही. शेवटी बोकडाचेच कॉन्टॅक्ट जळून चिकटले.

टायमर आणि लाल बटण अकराही ठिकाणी बसवून आलो. लातूरला एसटीनेच गेलो. इस्लामपूरच्या मालकांनी चहा दिला, पण पोरांना हाक मारून "हे बघा, पिवळा डांबीस आला" असंही म्हणाले. चिपा भिंगाने तपासल्या, दोन मशीनमध्ये खरंच ती एलजीटीवाली निघाली. दोन्ही बोर्ड एकाच पाकिटातले.

काटेवाले दादा, वैधमापन कार्यालयात गेलो. साहेबांनी नीट ऐकून घेतलं, कागद कोणते लागतील ते लिहून दिलं. जुन्या मशीनचं वजन आता मंजुरीवाल्या इंडिकेटरवर नेतोय, एकेक करून. खिशाला भोक पडतंय, पण इलाज नाही.

४० मशीनचं असं ठरलं की पहिल्या दहा पीएलसी आणि वजन कंट्रोलरवर, किंमत एक लाख बावन्न. त्या वर्षभर चालल्यावर पुढच्या तीसचं बोलू. पीएलसीचं पॅनेल मी बांधून काल तयार केलं. इंजिनिअर साहेब बघायला आले होते. मी नव्या बोर्डाची गोष्ट सांगितली आणि दुसरा बोकड लावून दाखवला. त्यांनी दहा मिनिटं बघितलं, मग म्हणाले, "हाच आता माझ्या पीएलसीला लाव."

लावला. पीएलसी ढिम्म हलला नाही. पण कंट्रोलरवरचं वजन आठ ग्रॅम खाली-वर उड्या मारायला लागलं. १०० ग्रॅमच्या पाऊचला आठ ग्रॅम. साहेब माझ्याकडे बघतायत, मी कंट्रोलरकडे बघतोय. सोमवारी परत येणार आहेत. काय तपासू?

---

पॅनेलकाका_भोसरी

लोडसेलची शील्ड किती बाजूंना अर्थ केलीयस?

---

ऑगरवाला_कुपवाड

दोन, काका.

---

पॅनेलकाका_भोसरी

लोडसेलकडची सोड, कंट्रोलरकडची राहू दे. आणि सोमवारी साहेब यायच्या आधी बोकडाला एकदा ओरडवून बघ.